कराची ते कल्याण कॅम्प, १९४८: कादंबरीसाठी तपशील तपासून हवेत

शाईचा_डाग

सिंधमधून निघालेल्या एका कुटुंबावर कादंबरीचं काम सुरू आहे. आराखडा तयार आहे, पण तपशिलात माती खाल्ली जाऊ नये म्हणून इथल्या जाणकारांना साकडं.

कुटुंब आमिल (सिंधी हिंदूंतले नोकरीपेशा), मूळ हैदराबाद सिंधचं. कर्ता कराचीत सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बिऱ्हाड तिथल्या गाडीखाता वस्तीत, घर भाड्याचं. माणसं सहा: आजी, कर्ता, त्याची बायको, सोळा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि कर्त्याचा बिनलग्नाचा धाकटा भाऊ. पहिलं प्रकरण ६ जानेवारी १९४८ च्या रात्रीचं. जमाव दार फोडून आत येतो, धाकटा भाऊ मारला जातो, उरलेले पाच जण अंगावरच्या कपड्यांनिशी बंदर गाठतात, पहाटेची बोट पकडतात आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगर स्टेशनात उतरतात. पुढे कॅम्पातली दोन वर्षं.

प्रश्न असे: त्या रात्री बोट मिळणं शक्य होतं का? सोबत काय आणता येत होतं? त्यापेक्षा आगगाडीने आणलं तर? कॅम्पातले सुरुवातीचे दिवस कसे रंगवावेत? आणि संवादात सिंधी कितपत घालावी?

बंदर_रोड

कुटुंब छान उभं राहतंय. पहिलं प्रकरण मात्र पंजाबचं आहे, कराचीचं नाही.

सिंधची फाळणी झालीच नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. पंजाबात गावंच्या गावं कापली जात होती त्या ऑगस्टमध्ये सिंधमधल्या बहुतेक हिंदूंचा निघायचा विचारही नव्हता. मुलांना आणि दागिन्यांना नातेवाइकांकडे पाठवून 'बघू, वातावरण निवळेल' म्हणणारी घरं पुष्कळ. मग एकेक खिळा निखळत गेला. क्वेट्ट्याच्या दंगलीच्या बातम्या आल्या. उत्तर प्रदेश, दिल्ली, अजमेरहून मुहाजिर (फाळणीमुळे पाकिस्तानात आलेले मुसलमान निर्वासित) येऊ लागले, त्यांना राहायला घरं हवी होती. १७ डिसेंबरला हैदराबादेत दंगल झाली, आणि ६ जानेवारीला कराचीत. तुमचं कुटुंब हैदराबादचं आहे, म्हणजे डिसेंबरातच तिकडचे काका-मामा कराचीत येऊन यांच्या घरात पथाऱ्या टाकून बसलेले असणार. घरात सहा नव्हे, बारा-चौदा माणसं धरा.

६ जानेवारीला मंगळवार होता. उत्तर सिंधमधून रेल्वेने आलेल्या शिखांना मुंबईची बोट पकडायची होती, त्यांना रतन तलावाच्या गुरुद्वाऱ्यात ठेवलं होतं. त्या गुरुद्वाऱ्यावर हल्ला झाला, तो भर दिवसा. तिथून लूटमार हिंदू वस्त्यांत पसरली. म्हणजे त्या वेळी हेडक्लार्क कचेरीत, मुलगा कदाचित शाळेत, घरात बायका आणि आजी. तुमचा प्रसंग रात्री घडतो आणि सगळे घरात असतात, तिथेच घडी विस्कटते. शिवाय कराचीत त्या दिवसांत खुनांपेक्षा लूट कितीतरी मोठी होती. भांडी, गाद्या, शिलाई मशिन, पंखा, दाराच्या चौकटीसुद्धा. मृतांचे आकडे प्रत्येक जण वेगळे सांगतो, तेव्हा पात्रांच्या तोंडी आकडा देऊ नका, अफवा द्या.

त्या रात्री बोट? नाही. संचारबंदी लागली, लष्कर रस्त्यावर आलं. गाडीखात्यातून कियामारीला, म्हणजे बंदरावर, जायचं तर बंदर रोड धरून नेटिव्ह जेटीचा पूल ओलांडून पार टोकाला जायचं, काही मैलांचा रस्ता. आणि बोटीला तिकीट लागतं. ६ तारखेनंतर तिकिटासाठी जी झुंबड उडाली तिच्यात नंबर लागायला अनेक दिवस जात. भारत सरकारने जादा बोटी लावल्या तरी पुरल्या नाहीत. श्रीप्रकाश तेव्हा कराचीत भारताचे उच्चायुक्त होते. लोकांचे जथेच्या जथे कचेरीबाहेर बसलेले असत. ज्यांना घरात राहणं शक्य नव्हतं ते शाळांत, धर्मशाळांत, बंदर रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात मुक्काम टाकून होते. तुमची खरी सामग्री या मधल्या दिवसांत आहे. जायचं ठरलंय, जाता येत नाही, आणि शेजारचा ओळखीचा माणूस कपाटाला काय घ्याल विचारतोय.

आणखी एक अडचण तुमच्या कर्त्याच्या नोकरीची. टपाल, रेल्वे, कस्टम असल्या केंद्र सरकारच्या खात्यात असेल तर भारत की पाकिस्तान हे त्याने १९४७ च्या उन्हाळ्यातच लिहून दिलेलं असणार. भारत लिहिलं असेल तर जानेवारीपर्यंत तो कराचीत काय करतोय? पाकिस्तान लिहिलं असेल तर तीच एक कादंबरी आहे. ही भानगड नको असेल तर त्याला प्रांताच्या महसूल खात्यात ठेवा, नाहीतर नगरपालिकेत किंवा खासगी पेढीवर.

घर भाड्याचं ठेवलंत हे उत्तम. येणाऱ्या मुहाजिराकडून पगडी घेऊन किल्ली द्यायची, हा व्यवहार तेव्हा सर्रास चालला. त्यात दोन्ही बाजूंचे लोक उजळ माथ्याचे नाहीत आणि पूर्ण दोषीही नाहीत. असा प्रसंग दार फोडण्यापेक्षा जास्त काळ वाचकाच्या डोक्यात राहील.

जीआयपी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त वाहतूक आणि कॅम्पाबद्दल.

आधी आगगाडी. कराचीहून रेल्वेने यायचं तर मार्ग असा: कराची ते हैदराबाद ब्रॉडगेज, तिथे उतरून जोधपूर रेल्वेची मीटरगेज गाडी, मीरपूर खास, खोखरापार, मुनाबाव, बाडमेर, लुणी, मारवाड जंक्शन. तिथून अहमदाबादपर्यंत पुन्हा मीटरगेज, अहमदाबादला परत ब्रॉडगेज, आणि शेवटी बॉम्बे सेंट्रल. रुळांची रुंदी दोनदा बदलते, म्हणजे सगळं सामान दोनदा फलाटावर उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं, हमाल मिळाला तर. म्हातारी आजी आणि ट्रंका घेऊन हा प्रवास कुटुंबाचे हाल दाखवायला भरपूर आहे. पण एक सांभाळा: प्रेतांनी भरलेल्या गाड्या हे चित्र या मार्गावर आणू नका. शिखांवर गाडीत हल्ले सिंधमध्येही झाले, पण खोखरापारच्या वाटेवर मुख्य जाच होता तो झडतीचा, गर्दीचा, पाण्याचा आणि वाळवंटातल्या ताटकळण्याचा. अनेक कुटुंबं राजस्थानातच थांबली. कल्याणला आणायचं असेल तर बोटच सरळ.

बोट कराची ते मुंबई साधारण ५०० सागरी मैल. नेहमीच्या दिवसांत दोन दिवसांच्या आतबाहेर. गर्दीच्या बोटीला चढण्या-उतरण्याचा वेळ धरून तीन दिवस धरा. सगळ्याच बोटी मुंबईला येत नसत; ओखा, बेडी बंदर, पोरबंदर, वेरावळ इथेही उतरवत. त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ दोन बोटींतून दोन बंदरांना लागले आणि महिनोन्महिने पत्ता नाही, असं सहज घडू शकतं. धाकट्या भावाला मारायचंच नसेल तर ही वाट मोकळी आहे. डेकचं तिकीट म्हणजे उघड्या डेकवर वळकटी पसरून जागा अडवायची. जानेवारीत समुद्र तसा शांत असतो, वादळाचं दृश्य घालू नका. रात्रीची थंडी आणि वारा मात्र बोचरा.

चांदण्याचंही बघा. ११ जानेवारीच्या सुमारास अमावस्या होती. ६ ते १५ तारखेच्या दरम्यान 'चंद्रप्रकाशात चमकणारं पाणी' लिहिलंत तर पंचांग काढणारा एखादा वाचक भेटतोच.

आता उल्हासनगर. जानेवारी १९४८ मध्ये ते नावच नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी पाच छावण्या बांधल्या होत्या, त्या युद्धानंतर रिकाम्या पडल्या होत्या. लोक म्हणायचे कल्याण कॅम्प, आणि पुढे नंबर: एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर. उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालं. त्या नावाचं स्टेशनही तेव्हा नव्हतं. कुटुंबाला कल्याणला उतरवा, पाच नंबरच्या टोकाला जागा मिळाली असेल तर अंबरनाथला. बोरीबंदर ते कल्याण सुमारे ३३ मैल, विजेच्या गाड्या १९२९ पासून धावत होत्या. रेल्वेचं नाव मात्र जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला). मध्य रेल्वे नोव्हेंबर १९५१ मध्ये झाली.

कॅम्प म्हणजे तंबू, ही दुसरी नेहमीची चूक. इथे बॅरका होत्या: लांबलचक, सैनिकांच्या खाटा ओळीने लावायला बांधलेल्या, आत भिंती नाहीत. एका बॅरकीत अनेक कुटुंबं. मधला आडोसा गोणपाटाचा, साडीचा, उभ्या केलेल्या खाटेचा. सोळा वर्षांच्या मुलीसाठी हा आडोसा किती महत्त्वाचा, ते तुम्हाला सांगायला नको. नळ आणि संडास सामाईक, बॅरकीपासून दूर, रात्री दिवा नाही. स्वयंपाक बाहेरच्या ओट्यावर किंवा दारात तीन विटा मांडून. शिधा रांगेत, आणि रांगेसाठी कार्ड, कार्डासाठी नोंद, नोंदीसाठी कुटुंबप्रमुखाची सही. कर्ता हेडक्लार्क आहे: फॉर्म भरता येणारा माणूस. पहिल्या आठवड्यातच अर्ध्या बॅरकीचे अर्ज तो लिहून देईल. घरात बसून रडणारा बाप दाखवण्यापेक्षा हे बरं.

पावसाचं प्रकरण लिहाच. कराचीत वर्षाला सात-आठ इंच पाऊस, कल्याणला नव्वद इंचांच्या पुढे. जूनमध्ये पहिल्या सरीला मुलं नाचतील, आठव्या दिवशी गाद्यांना बुरशी येईल, पापड वाळणार नाहीत, सरपण पेटणार नाही, आजीचं अंग धरेल. पाऊस थांबतो असं त्यांना वाटत असतं, आणि तो थांबत नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं. बॅरकीच्या छपरासाठी लेखकाला याहून जास्त काय हवं?

तिरकस

दोन्ही प्रतिसाद मोलाचे, पण एक धोक्याची सूचना. कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे. बोटीचा वेग, पावसाचे इंच, गेजची रुंदी हे सगळं लेखिकेला माहीत असावं, वाचकाला जाणवावं, सांगू नये. 'हैदराबादला मीटरगेज सुरू होत असल्याने' असं वाक्य आलं की पुस्तक मिटलं. त्याऐवजी ट्रंकेची कडी निखळते आणि फलाटावर कपडे सांडतात. संपला विषय.

हिंसेबद्दल. भावाचा खून पहिल्या प्रकरणात ठेवलात तर पुढची सगळी पानं त्या एका क्षणाचं कर्ज फेडत बसतील. प्रत्येक दुःखाचं कारण तिथे, प्रत्येक रागाचं समर्थन तिथे. सिंधची खासियतच अशी की पुष्कळांच्या बाबतीत असा एक क्षण नव्हताच. आज दूधवाला आला नाही, उद्या शेजाऱ्याने मुलाला खेळायला पाठवलं नाही, परवा कोणीतरी घराची खोली मोजून गेलं. अशा कुटुंबाला 'आपण का निघालो' याचं एकच उत्तर देता येत नाही, आणि घरातला प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. आजी म्हणेल मुलगा घाबरला. मुलगा म्हणेल मुलीसाठी. मुलगी कॅम्पातल्या दहाव्या महिन्यात विचारेल, माझं नाव का घेता?

हे भांडण दोन वर्षं चालू शकतं. कादंबरी त्याच्यावर उभी करा.

मग ६ जानेवारीला काय दाखवायचं? एक सुचवण: धाकटा भाऊ बाहेर गेलाय, बायका शेजारच्या मुसलमान कुटुंबाच्या माडीवर, आणि तिथून आपल्याच घरातून आपल्या वस्तू बाहेर जाताना दिसतायत. लुटणाऱ्यांत एक चेहरा ओळखीचा, आणि तो मान वर करून बघत नाही. बस. रक्त नको. भाऊ संध्याकाळी परततो, त्याचं काय झालं ते तो कोणाला सांगत नाही. तिसऱ्या भागात सांगेल, किंवा सांगणारही नाही.

लूट करणारे आणि घर मागणारे मुहाजिर हे एकच, असंही दाखवू नका. अजमेरहून, दिल्लीहून आलेल्यांनी स्वतः असंच काही बघितलेलं होतं. किल्ली घ्यायला येणारा माणूस स्वतःची किल्ली खिशात घेऊन आलेला असू शकतो. फक्त त्याच्या तोंडी भाषण घालू नका.

मांडणीचा हिशोब: ऐंशी हजार शब्दांची कादंबरी छापील तीनशे पानांच्या आसपास जाते. कराची निम्म्याहून कमी, बोट पंधरा-वीस पानं, बाकी कॅम्प. नवखे लोक उलटं करतात, कारण कराचीत 'घडतं' आणि कॅम्पात 'काही घडत नाही' असं वाटतं. कॅम्पात धंदे सुरू होतात, लग्नं ठरतात, माणसं लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायला लागतात, हेडक्लार्कचा भाऊ फेरीवाला होतो आणि आमिल घरात कुजबुज सुरू होते. आमिल म्हणजे नोकरीपेशा, भाईबंद म्हणजे व्यापारी. सिंधमध्ये या दोघांत सोयरीक सहसा होत नसे. बॅरकीत गोणपाटापलीकडे भाईबंद कुटुंब ठेवा आणि त्यांचा मुलगा पापडाच्या धंद्यात यशस्वी करा. पुढचं आपोआप घडेल.

शाईचा_डाग

खूपच कामाचं. पहिलं प्रकरण मोडतेय. आता दंगल दुपारची, माडीवरून, आणि बोट १२ जानेवारीची. भाऊ जिवंत.

दोन नवे प्रश्न. सामानात काय असेल? आणि आजीचं देवधर्माचं नेमकं काय? हिंदू म्हणावं तर घरात गुरु ग्रंथसाहिब, शीख म्हणावं तर केस नाहीत. सिंधी संवादांचा प्रश्नही राहिलाच.

कोकी_पापड

आजीला तुम्ही घाईने कुठल्या खणात बसवू नका, ती बसणार नाही. सिंधी हिंदू घरांत नानकपंथ फार मुरलेला. टिकाण्यात (नानकपंथी प्रार्थनास्थळ) ग्रंथसाहिब, शेजारी देवांच्या तसबिरी, झुलेलाल या सिंधींच्या जलदेवतेसाठी पाण्यावर दिवा, आणि नवस पिराच्या दर्ग्याला. यात तिला काहीच विसंगत वाटत नाही. विसंगती भारतातल्या फॉर्मवरच्या रकान्यात येते. कॅम्पातून मलंगगड दिसतो, वर हाजी मलंगचा दर्गा. आजीला ते पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगणार, आणि ती डोक्यावर पदर घेऊन त्या दिशेला हात जोडणार. मुलगा चिडेल. पाकिस्तानातून पळून आलो आणि तू पिराला हात जोडतेस? असा चिडणारा मुलगा त्या काळात अगदी खरा आहे.

तुमची १२ जानेवारी नशिबाने फार चांगली पडली. १३ ला लाल लोई, सिंधमधली होळीसारखी शेकोटी. १४ ला तिरमूरी, म्हणजे आपली संक्रांत, लेकींना तिळाचे लाडू आणि चिकी पाठवायचा दिवस. बोटीवर शेकोटी नाही, लेकीकडे काही पाठवता येत नाही. त्याच १३ तारखेला दिल्लीत गांधीजींचं उपोषण सुरू झालं, ते १८ ला सुटलं. बोट मुंबईला लागली की धक्क्यावर सगळ्यांच्या तोंडी तेच असेल. आणि ३० जानेवारीला खून. पाठोपाठ पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळाली. सिंधमधून घर सोडून आलेल्या माणसाला पंधरा-सोळा दिवसांत इथल्या जाळपोळीच्या बातम्या वाचाव्या लागतात. मराठी कादंबरीला हे टाळून पुढे जाता येणार नाही असं माझं मत. कल्याणच्या बाजारात एखादा कुलकर्णी मास्तर गावाकडच्या घराबद्दल बोलताना दाखवलात आणि आमचा हेडक्लार्क गप्प ऐकतोय, तर दोन पानांत काम होईल.

सामान. वळकट्या, एक-दोन ट्रंका, पितळेचे डबे, कोकी (जाड, कांदा-मिरची घातलेली, दोन-तीन दिवस टिकते, प्रवासाला तीच), लोणचं, पापड, पाण्याची सुरई. ग्रंथसाहिब रुमालात गुंडाळून डोक्यावर, तो ट्रंकेत जाणार नाही. तेव्हा एका माणसाचे दोन्ही हात कायमचे अडकले हे प्रत्येक दृश्यात लक्षात ठेवा. कागदपत्रं: मुलीची शाळेची सर्टिफिकेटं, कर्त्याची मॅट्रिकची सनद. ती मुंबई विद्यापीठाची असेल, कारण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि सिंध विद्यापीठ निघालं १९४७ मध्ये. मुंबईत नोकरी मागताना हा कागद सोन्यापेक्षा उपयोगी. दागिने अंगावर कपड्यांच्या आत, अस्तरात शिवून. कियामारीला झडती व्हायची. झडतीत काय गेलं यावरून बोटीवर चालणारी बोलणी लिहिण्यासारखी आहेत.

रोख रक्कम आणताना चलन बदलायचा प्रसंग घालू नका. जानेवारी १९४८ मध्ये दोन्हीकडे रिझर्व्ह बँकेच्याच नोटा चालत होत्या. पाकिस्तानचा शिक्का मारलेल्या नोटा १ एप्रिलपासून. परमिटही (पाकिस्तानातून भारतात येण्याचा परवाना) नाही, ते भारताने जुलै १९४८ मध्ये सुरू केलं आणि पासपोर्ट १९५२ चा. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत 'जाऊन उरलेलं सामान घेऊन येतो' म्हणणारे पुष्कळ होते. तुमचा धाकटा भाऊ जिवंत आहे आणि अबोल आहे. त्याला मे महिन्यात परत पाठवायचं का, हे बघा. जुलैनंतर तो अडकेल.

भाषा. पहिल्या चाळीस पानांत वीस शब्द पुरेत: अमां, बाबा, अदा (भाऊ), अदी (बहीण), पुट (मुला), साईं. अर्थ कंसात देऊ नका, हाकेतूनच कळतो. आजीला नातवंडं डाडी म्हणतील. बायकोला लग्नात नवं नाव मिळालेलं असेल, आपल्यासारखंच. माहेरचं माणूस धक्क्यावर भेटलं तर जुन्या नावाने हाक मारेल. देवनागरी सिंधीतली खाली रेघ असलेली अक्षरं मराठी वाचकाला अडखळवतील, ती गाळा. आणि सगळ्यांना मोडकं मराठी बोलायला लावू नका. घरातलं बोलणं स्वच्छ, सहज मराठीत लिहा, कारण ते त्यांच्या घरातलं आहे. मोडकं होतं ते आगरी भाजीवालीशी बोलताना, आणि तिथे तीही त्यांची हिंदी तितकीच मोडते.

तिरकस

भावाला परत पाठवायची सुचवण जबरदस्त. मघाचं माझं 'तिसऱ्या भागात सांगेल' रद्द. त्याने जाताना सांगावं, आणि तेही पुतणीला.

बंदर_रोड

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या संपादकाच्या हातून हमखास सुटतात.

कराचीच्या ट्रामला वर तारा नव्हत्या. त्या इंजिनावर चालत, सदर, बंदर रोड, कियामारी अशा. विजेची ठिणगी उडवू नका. सामान बंदरावर जाई ते बहुधा उंटगाडीवरून.

रेडिओ: जानेवारी १९४८ मध्ये कराचीला पाकिस्तान रेडिओचं केंद्र सुरू झालं नव्हतं, ते ऑगस्टमधलं. घरात रेडिओ असेल तर लाहोर, दिल्ली किंवा मुंबई लागेल. हैदराबादच्या बातम्या माणसांच्या तोंडूनच येतील, आणि कादंबरीला ते सोयीचं.

मुंबईत बाळासाहेब खेर प्रांताचे प्रमुख, मोरारजी देसाई गृहमंत्री. खेरांना 'मुख्यमंत्री' म्हणू नका, तो शब्द राज्यघटनेनंतरचा. बोटी येत राहिल्या तसं प्रांत सरकारचं धोरण मुंबई शहरात गर्दी होऊ न देण्याचं होतं. म्हणून बंदरातून थेट बाहेरच्या कॅम्पांकडे रवानगी. सगळे कल्याणलाच गेले असंही नाही. चेंबूर, मुलुंड, पुण्याजवळ पिंपरी, नाशिककडे देवळाली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धात पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती, ते गेल्यावर तिथे सिंधी आले आणि ते गांधीनगर झालं. नातेवाईक विखुरले हे दाखवायला यातली दोन-तीन नावं पत्त्यांवर आली तरी पुरे.

कराचीत सगळेच हिंदू निघू शकले असंही लिहू नका. सफाई कामगारांना 'अत्यावश्यक सेवा' म्हणून अडवलं गेलं, डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना त्याबद्दल लिहिलं होतं. गाडीखात्याच्या त्या घरातला संडास साफ करणारं कुटुंब कुठे गेलं, हा प्रश्न तुमच्या सोळा वर्षांच्या मुलीला पडायला हवा. मोठ्यांना पडणार नाही.

कराचीत मराठी माणसंही होती, आणि बंदर रोडवरची नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तर शहरात सगळ्यांना ठाऊक. दहा वर्षांच्या मुलाला तिथे घातलंत तर कल्याणच्या मास्तरांना तो आपल्या शाळेचं नाव सांगेल, आणि मास्तर चमकतील.

जीआयपी

शेवटचं एक, कालावधीबद्दल. 'कॅम्पातली दोन वर्षं' म्हणजे तुम्ही १९५० च्या सुरुवातीला थांबताय. क्लेमचा, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवरच्या दाव्यांचा, कायदा आला १९५० मध्ये आणि भरपाईचा १९५४ मध्ये. म्हणजे हेडक्लार्कच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्ज तुमच्या कादंबरीच्या बाहेर पडतो. त्यातही घर भाड्याचं, तेव्हा कराचीतल्या घराचा क्लेम नाहीच. हैदराबादेतलं वडिलोपार्जित घर असेल तर त्यात हिस्सेदार किती, कागद कोणाकडे, आणि जो भाऊ मे महिन्यात परत गेला त्याचा हिस्सा कसा दाखवायचा? त्याला हयात लिहायचं की बेपत्ता? सही आजीची लागेल.

एक वर्ष वाढवा.

आणि बोटींच्या तारखा पक्क्या करायच्या तर मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत रोज बोटींच्या आवक-जावकीचा रकाना असे. जानेवारी १९४८ चे अंक जुन्या ग्रंथालयांत मायक्रोफिल्मवर मिळतात. १० ते २० तारखेपर्यंतचे तेवढे रकाने उतरवून घ्या, कराचीहून आलेली बोट कुठल्या दिवशी लागली ते कळेल. १२ ला सुटलेली सापडली नाही तर कादंबरीतली तारीख हलवा, पण १३ ची रात्र समुद्रावरच राहू द्या.